ग्रीवा शस्त्रक्रियोत्तर परिचर्या व निचरा
ग्रीवा शस्त्रक्रियोत्तर परिचर्या व निचरा : मानेवरील शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचा श्वसनमार्ग मोकळा राखणे, रक्तस्राव वेळीच ओळखणे, जखमेत साठणारा द्रव बाहेर काढून त्याचे मोजमाप ठेवणे आणि तंत्रिका (मज्जा) व ग्रंथी यांना झालेल्या इजेची लक्षणे टिपणे, या सर्व कामांचा या परिचर्येत समावेश होतो. अवटू ग्रंथी (मानेच्या पुढील भागात श्वासनालासमोर असलेली अंतःस्रावी ग्रंथी) काढणे, कर्करोगासाठी मानेतील लसीका ग्रंथींचे उच्छेदन, स्वरयंत्र काढणे व श्वासनालछेदन या त्यांपैकी प्रमुख शस्त्रक्रिया होत. शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाण गेल्या दीडशे वर्षांत अत्यंत घटले, त्याचे श्रेय बहुधा शस्त्रवैद्यांच्या कौशल्याला दिले जाते. तथापि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या चोवीस तासांतील धोका पूर्णपणे कधीच नाहीसा झाला नाही. त्याचे निवारण मुख्यतः रुग्णाजवळ असणाऱ्या परिचारिकेच्या निरीक्षणावर अवलंबून राहिले आहे. निचऱ्याच्या नळीचा इतिहास हा या निरीक्षणाच्या इतिहासाचाच एक भाग आहे.

धोक्याचे स्वरूप : मान हा शरीराचा अरुंद भाग असून त्यात श्वासनाल, अन्ननलिका, मोठ्या रोहिण्या व नीला आणि महत्त्वाच्या तंत्रिका एकमेकींना लागून असतात. त्यांना वेढणाऱ्या प्रावरणीच्या (तंतुमय आवरणाच्या) पडद्यांमुळे त्यांचे बंदिस्त कप्पे बनतात. उदरात शेकडो मिलि. रक्त साठेपर्यंत बाह्य लक्षणे दिसत नाहीत. मानेत मात्र शिवलेल्या प्रावरणीखाली थोडेसे रक्त साठले तरी दाब झपाट्याने वाढतो. या दाबाचा पहिला परिणाम श्वासनाल चेपण्यात दिसतोच असे नाही. प्रथम पातळ भित्तींच्या नीला व लसीकावाहिन्या दबतात, त्यांतून परतणारे रक्त व लसीका तुंबतात आणि स्वरयंत्राच्या श्लेष्मकलेस (आतील बुळबुळीत अस्तरास) शोफ (द्रवयुक्त सूज) येतो. त्यामुळे श्वसनमार्ग आतून बंद होऊ लागतो. या अवस्थेत श्वासनालात नळी घालणेही कठीण असते. म्हणून जखमेचे टाके तात्काळ उघडून साठलेले रक्त बाहेर काढणे हा पहिला उपाय ठरतो. विलंबाची मर्यादा येथे मिनिटांत मोजावी लागते.

प्राचीन काळ : द्रवाचा निचरा नियंत्रित रीतीने करावा, ही कल्पना प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत गलगंडाचे वर्णन असून नळीसारख्या यंत्रांचा ‘नाडीयंत्रे’ हा स्वतंत्र वर्ग सांगितलेला आहे. उदरातील पाणी कथिलादी धातूंच्या नळीने अथवा पिसाच्या नळीने काढावे, परंतु ते एकाच दिवशी सर्व काढू नये, असा तीत निर्देश आहे. म्हणजे नळी घालण्याइतकेच किती द्रव व किती काळात काढावा यालाही महत्त्व दिलेले होते. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले असून वैद्य, औषध व रुग्ण यांच्या बरोबरीने परिचारकाला स्थान दिले आहे. परिचर्येचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग व शुचिता हे परिचारकाचे चार गुण त्या ग्रंथात मानले आहेत.

ग्रीक वैद्यकात हिपॉक्राटीझ यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या लेखनात छातीतील पू काढण्यासाठी कथिलाच्या पोकळ नळीचा उल्लेख आहे. गेलेन (इ. स. दुसरे शतक) यांनी डुकरांवरील प्रयोगांत स्वरयंत्राकडे जाणाऱ्या पुनरावर्ती तंत्रिका कापल्यास आवाज बंद होतो, हे दाखविले. मानेतील गाठी काढताना ही तंत्रिका दुखावल्यामुळे आवाज गेलेल्या रुग्णांची नोंदही त्यांनी केली आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला बोलावयास सांगून आवाज तपासण्याच्या आजच्या पद्धतीमागील शारीरक्रिया अशा रीतीने फार पूर्वीच ज्ञात झाली होती.

एकोणिसावे शतक : शुद्धिहरण, जंतुरोधन व रक्तस्तंभक चिमटे यांच्या अभावी १८५० पर्यंत गलगंडावरील शस्त्रक्रिया अत्यंत घातक समजली जाई. पॅरिस येथील वैद्यक अकादमीने त्या वर्षी तिचा निषेध केला. अमेरिकन शस्त्रवैद्य सॅम्युएल ग्रॉस यांनीही १८६६ मध्ये तिच्याविरुद्ध कठोर मत नोंदविले. टेओडोर बिलरोट (१८२९–९४) यांनी झुरिक येथे १८६० नंतरच्या काही वर्षांत केलेल्या २० शस्त्रक्रियांपैकी ८ रुग्ण दगावले. पुढे अनेक वर्षे त्यांनी ही शस्त्रक्रिया जवळजवळ थांबविली होती. रक्तस्राव, जंतुसंसर्ग व श्वासावरोध ही मृत्यूची मुख्य कारणे होती.

१८५९ या एकाच वर्षी दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. पॅरिसचे शस्त्रवैद्य एद्वार शासेन्याक (१८०४–७९) यांनी पूयुक्त जखमांच्या निचऱ्यावरील आपल्या ग्रंथात बाजूंना छिद्रे असलेल्या रबरी नळ्यांचा पद्धतशीर पुरस्कार केला. धातू वा काचेच्या ताठर नळीपेक्षा लवचिक रबरी नळी ऊतकांना कमी इजा करते, त्यामुळे तिचा वापर लवकर रूढ झाला. जोसेफ लिस्टर (१८२७–१९१२) यांनी १८७१ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काखेतील गळवासाठी अशीच नळी वापरली होती. दुसरा ग्रंथ फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांचा परिचर्येवरील होता. रुग्णाच्या निरीक्षणावर त्यात स्वतंत्र प्रकरण असून, रुग्णाचे बरे चालले आहे अशा मोघम उत्तरापेक्षा नेमकी व मोजलेली माहिती देणे हे परिचारिकेचे कर्तव्य मानले आहे. १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची परिचारिका-शाळा सुरू झाली. नळी व नोंद यांचा परस्परसंबंध मात्र त्या वेळी कोणी जोडला नव्हता. तो पुढील काही दशकांत रुग्णालयीन व्यवहारातून जुळत गेला.

या संदर्भात बिलरोट यांचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. व्हिएन्ना येथे ३१ डिसेंबर १८७३ रोजी त्यांनी कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची शस्त्रक्रिया केली. त्यांचे साहाय्यक कार्ल गुसेनबाउअर यांनी त्या रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्र तयार केले होते. अशा रुग्णाचा श्वास मानेतील छिद्रातून चालतो व त्याला हाक मारून मदत मागता येत नाही. त्यामुळे अखंड सोबतीची गरज येथे स्पष्टपणे दिसून आली. बिलरोट यांनी १८८१ मध्ये घरातील व रुग्णालयातील परिचर्येवर एक पुस्तक लिहिले. १८८२ मध्ये व्हिएन्नात रूडोल्फिनरहाउस ही संस्था सुरू झाली, तीत धर्मसंघाबाहेरील स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण देण्याची सोय त्यांच्या प्रयत्नांनी झाली. मानेच्या शस्त्रक्रियेचा एक प्रवर्तकच परिचर्या-शिक्षणाचाही प्रवर्तक व्हावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

एमील टेओडोर कोखर (१८४१–१९१७) यांनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जंतुरोधन व काटेकोर रक्तस्तंभन यांच्या साहाय्याने अवटू शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण १८८९ पर्यंत शेकडा सुमारे २·४ वर आणि शतकाच्या अखेरीस शेकडा १ पेक्षाही खाली आणले. १९०९ मध्ये त्यांना अवटू ग्रंथीविषयक कार्याबद्दल वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि शस्त्रक्रियेतून वाचलेला रुग्ण बरा झालाच असे समजता येत नाही, हेही त्यांच्याच अनुभवातून सिद्ध झाले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णांना त्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा १८ पैकी १६ जणांत मंदपणा, सूज व बौद्धिक ऱ्हास आढळला. १८८३ मध्ये त्यांनी या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. जिनीव्हाचे झाक रेव्हेर्दँ यांनी तत्पूर्वी एक वर्ष असेच निरीक्षण मांडले होते. घरी गेलेल्या रुग्णाचा पाठपुरावा करण्याचे महत्त्व यामुळे पटले.

बिलरोट यांच्या रुग्णांत वेगळा उपद्रव दिसला. त्यांचे साहाय्यक आंटोन व्हल्फ्लर यांनी १८७९ मध्ये शस्त्रक्रियेनंतर उद्‌भवलेल्या टेटनीचे (रक्तातील कॅल्शियम घटल्यामुळे स्नायूंना येणाऱ्या पेटक्यांचे) वर्णन केले. १८८० मध्ये स्वीडनमधील ईव्हार सांडस्ट्रम (१८५२–८९) यांनी माणसातील परावटू ग्रंथींचा शोध प्रसिद्ध केला, परंतु दोहोंचा संबंध कळण्यास बराच काळ लागला. १९०९ च्या सुमारास मॅक्‌कॅलम व फेख्टलिन यांनी कॅल्शियम दिल्याने टेटनी थांबते, असे दाखविले. तेव्हापासून तोंडाभोवती व बोटांत मुंग्या येतात का, हे रुग्णाला विचारणे परिचर्येचा भाग झाले. गालावर टिचकी मारताच चेहऱ्याचे स्नायू फडफडणे (ख्व्होस्टेक चिन्ह) आणि दंडावर पट्टा आवळला असता हात विशिष्ट रीतीने वळणे (त्रूसो चिन्ह) या परीक्षाही रूढ झाल्या.

श्वासनालछेदन व शुश्रूषा : आर्मां त्रूसो (१८०१–६७) यांनी घटसर्पाने गुदमरणाऱ्या बालकांसाठी श्वासनालछेदनाचा प्रसार केला. नाकाऐवजी नळीतून जाणारी हवा कोरडी व थंड असल्याने स्राव वाळून नळी बंद होते, हे जाणून मानेभोवती पातळ कापडाचा गळपट्टा बांधण्यावर त्यांचा भर होता. एकात एक बसणाऱ्या दोन नळ्या वापरल्यास आतील नळी काढून धुता येते व बाहेरची जागच्या जागी राहते. ही साधी युक्ती रात्रपाळीच्या परिचारिकेच्या हाती रुग्णाचा श्वास सोपविणारी ठरली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील शेव्हॅलिअर जॅक्सन (१८६५–१९५८) यांनी छेदाची जागा व नळीचा आकार यांविषयीचे नियम घालून दिले. स्वरयंत्रालगत उंचावर छेद घेतल्याने पुढे मार्ग आकसतो, हे त्यांनी १९२१ मध्ये दाखविले.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध : अवटू ग्रंथीच्या अतिस्रावी विकारात शस्त्रक्रियेनंतर ताप, अतिजलद नाडी व भ्रम ही लक्षणे एकाएकी वाढून मृत्यू ओढवत असे. क्लीव्हलँड येथील जॉर्ज क्राइल (१८६४–१९४३) यांनी भीती हेही त्याचे एक कारण मानले. रुग्णाला शस्त्रक्रियेचा दिवस न कळविता, त्याच्या खोलीतच रोज शुद्धिहरणाचा सराव करून एके दिवशी नकळत शस्त्रक्रिया करण्याची पद्धत त्यांनी सुरू केली. तिचे यश परिचारिकांच्या शांत वागणुकीवर अवलंबून होते. रुग्णाच्या संमतीचा विचार त्यात गौण ठरत असल्यामुळे आजच्या नीतिनियमांत मात्र ती बसणार नाही. १९२२ नंतर मेयो क्लिनिकमधील हेन्री प्लमर यांनी शस्त्रक्रियेपूर्वी आयोडीन देण्याची पद्धत रूढ केली. १९४३ मध्ये ॲस्टवुड यांनी अवटुरोधी औषधांचा उपयोग दाखविला. त्यानंतर हा उपद्रव विरळ होत गेला. बॉस्टनचे फ्रँक लेही (१८८०–१९५३) यांनी पुनरावर्ती तंत्रिका प्रत्यक्ष उघडी करून जपण्याचा आग्रह १९३८ मध्ये धरला.

क्राइल यांनीच १९०६ मध्ये डोके व मान यांच्या कर्करोगांसाठी मानेतील लसीका ग्रंथींच्या समूळ उच्छेदनाचे १३२ शस्त्रक्रियांवर आधारलेले वर्णन प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कचे हेज मार्टिन यांनी १९५१ मध्ये तिला प्रमाणभूत रूप दिले. या शस्त्रक्रियेत त्वचेचे मोठे पडदे उचलले जात असल्याने त्यांखाली पोकळी राहते व तीत रक्त आणि लसीका साठतात.

या काळातील परिचर्येचे नियम साधे पण नेमके होते. रुग्ण शुद्धीवर येताच त्याला अर्धवट बसते करीत. ही स्थिती जॉर्ज रायर्सन फाउलर (१८४८–१९०६) यांनी १९०० मध्ये उदरातील पुवाचा निचरा खालच्या भागाकडे व्हावा म्हणून सुचविली होती. मानेच्या शस्त्रक्रियेत ती श्वसन सुलभ करण्यासाठी व नीलांतील दाब कमी करण्यासाठी स्वीकारली गेली. पट्टी समोरून कोरडी दिसली, तरी मानेमागे व खांद्याखाली हात घालून पाहावे, कारण रक्त उतारानुसार मागे ओघळते, असे परिचारिकांना शिकविले जाई. मानेवरील जाड दाबपट्टीमुळे सूज झाकली जाते, हा तिचा दोषही अनुभवाने ध्यानात आला. श्वासनालछेदनाची साधने व टाके काढण्याचे साधन खाटेजवळ ठेवण्याची प्रथा पडली.

निचऱ्याच्या पद्धतींतील बदल : निचऱ्याविषयी शस्त्रवैद्यांत आरंभापासून मतभेद होते. इंग्लंडमधील लॉसन टेट शंका असेल तेथे निचरा ठेवावा, या मताचे होते. अमेरिकेतील विल्यम हॅलस्टेड (१८५२–१९२२) यांना मात्र अजाणतेपणे घातलेल्या नळीपेक्षा नळी नसणे बरे वाटे. १८९० च्या सुमारास चार्ल्स पेनरोझ (१८६२–१९२५) यांनी पातळ भित्तीच्या मऊ रबरी नळीचा उपयोग सुरू केला. ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यातून द्रव केशाकर्षणाने व उताराने बाहेर येऊन पट्टीत मुरतो. हा उघडा निचरा असल्यामुळे जंतूंना आत येण्यास वाव राहतो आणि द्रवाचे खरे मापन होत नाही. किती पट्ट्या भिजल्या, एवढीच नोंद परिचारिकेला करता येत असे.

१९५० नंतर मोठा बदल झाला. १९५४ मध्ये फ्रान्समध्ये रदों व त्यांच्या सहकाऱ्यांनी विस्तृत जखमा ऋणदाबाखाली बंद ठेवण्याची पद्धत वर्णिली. बारीक छिद्रे असलेली नळी निर्वात बाटलीस जोडल्याने द्रव सतत शोषला जातो व त्वचेचा पडदा खालील स्नायूंस चिकटून पोकळी नाहीशी होते. मानेभोवतीच्या जाड दाबपट्टीची गरज त्यामुळे बहुतांशी संपली. १९७० च्या दशकात जॅक्सन व प्रॅट यांनी मूलतः मेंदूवरील आवरणाखाली साठलेले रक्त काढण्यासाठी योजलेली सिलिकोन रबराची चपटी नळी व दाबून सोडावयाचा फुगा ही साधने सर्वत्र पसरली. शस्त्रक्रियेनंतरच्या जखमेतील द्रव प्रथमच पारदर्शक पात्रात दिसू लागला आणि मिलि.मध्ये मोजता येऊ लागला.

निरीक्षण व अर्थनिर्णय : द्रवाचे प्रमाण, रंग व दाटपणा यांची वेळेसह नोंद करतात. प्रारंभी तो रक्तमिश्रित असतो, एकदोन दिवसांत फिकट गुलाबी व पुढे पिवळसर होतो. फिकट झालेला द्रव पुन्हा लालभडक होणे हे नव्या रक्तस्रावाचे लक्षण होय. मानेच्या डाव्या तळाशी वक्षीय लसीकावाहिनी दुखावली असल्यास रुग्ण खाऊ लागताच द्रव दुधासारखा दिसतो व त्याचे प्रमाण वाढते. अशा वेळी मेदरहित आहार देतात. स्वरयंत्र काढल्यानंतर पात्रात लाळ किंवा अन्न आढळल्यास घशाची शिवण सुटल्याचा संशय घेतात. २४ तासांतील द्रव साधारणतः २५–३० मिलि.पेक्षा कमी झाल्यावर नळी काढण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे.

फुगा फुगलेला दिसल्यास शोषण थांबले आहे, असे समजावे लागते. पात्र रिकामे करताना फुगा दाबून मगच तोंड बंद करतात आणि पात्राकडून जंतू वर चढू नयेत म्हणून ते जखमेच्या पातळीखाली ठेवतात. नळी पिळली गेली किंवा तीत गुठळी अडकली, तर पात्र रिकामे राहते व रक्त मात्र मानेत साठत जाते. म्हणून पात्रातील अल्प द्रव हे रक्तस्राव नसल्याचे प्रमाण नव्हे. पात्राकडे पाहून निश्चिंत होण्याऐवजी मान, चेहरा व श्वास यांकडे पाहणे आवश्यक ठरते. अस्वस्थता, गिळण्यास त्रास, गळा आवळल्याची भावना, मानेवरील ताण व श्वासाचा वाढता वेग ही आरंभीची लक्षणे होत. घर्घर आवाज आणि रक्तातील ऑक्सिजनाची घट ही उशिरा येणारी लक्षणे आहेत.

अवटू शस्त्रक्रियेनंतर नेहमी नळी ठेवणे आवश्यक आहे का, हा प्रश्न नियंत्रित चाचण्यांनी तपासला गेला. अशा चाचण्यांचा २००७ मध्ये झालेल्या एका पद्धतशीर समालोचनात नळीमुळे पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ टळते असे दिसले नाही. रुग्णालयातील वास्तव्य मात्र वाढल्याचे आढळले. त्यामुळे लहान शस्त्रक्रियांत नळी वगळण्याकडे कल वाढला. लसीका ग्रंथींच्या उच्छेदनात मात्र शोषण-निचरा अद्यापि आवश्यक मानला जातो.

भारतातील स्थिती : भारतात तंबाखू खाण्याच्या सवयीमुळे मुखाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यामुळे मानेच्या शस्त्रक्रियांत लसीका ग्रंथींच्या उच्छेदनाला विशेष स्थान आहे. मुंबईत १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय या कामाचे प्रमुख केंद्र आहे. तेथे झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुखाच्या प्रारंभिक कर्करोगात मानेतील ग्रंथी मूळ शस्त्रक्रियेबरोबरच काढल्यास तीन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ८०, तर गाठ दिसल्यानंतर काढल्यास ६७·५ आढळले. या निष्कर्षामुळे वाटीइतके पात्र गळ्याजवळ अडकवून वावरणाऱ्या रुग्णांची संख्या वाढणे स्वाभाविक आहे. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमाने परिचारिकांच्या शिक्षणाला देशभर समान पाया मिळाला. परंतु एका पाळीत अनेक रुग्ण सांभाळणाऱ्या परिचारिकेला प्रत्येक मान वारंवार पाहता येणे हे शिक्षणाइतकेच मनुष्यबळावर अवलंबून असते.

अधिकाराचा प्रश्न : गुदमरणाऱ्या रुग्णाचे टाके कोणी उघडावयाचे, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा व दीर्घकाळ अनिर्णित राहिलेला प्रश्न आहे. टाके काढण्याचे साधन खाटेजवळ ठेवण्याची प्रथा जुनी असली, तरी ते वापरण्याचा अधिकार सामान्यतः शस्त्रवैद्याचा समजला जाई व परिचारिकेने त्याला बोलावून वाट पाहावी अशी अपेक्षा असे. ब्रिटनमधील श्वसनमार्ग, अंतःस्रावी शस्त्रक्रिया आणि कान-नाक-घसा या विषयांच्या संघटनांनी २०२२ मध्ये संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत पट्टी काढणे, टाके कापणे, त्वचा उघडणे, स्नायू विलग करणे व जखमेत गॉझ भरणे असा क्रम दिला आहे. श्वासावरोधाची चिन्हे असल्यास शस्त्रवैद्याची वाट न पाहता खाटेजवळच तो अमलात आणावा व त्यासाठी प्रभागातील परिचारिकांनाही शिकवून तयार ठेवावे, असे त्यांत सुचविले आहे.

शस्त्रक्रियोत्तर रक्तस्राव शेकडा सुमारे एक-दोन रुग्णांतच होतो, परंतु तो कोणाला होईल हे आधी निश्चितपणे सांगता येत नाही. नळ्या बदलल्या, पात्रे पारदर्शक झाली व मापन अचूक झाले, तरी हा धोका प्रथम जाणवतो तो रुग्णाला आणि त्याच्याजवळ असलेल्या परिचारिकेला. तिच्या निरीक्षणाला निर्णयाचा अधिकार जोडला जाणे, हा या इतिहासातील सर्वांत अलीकडचा टप्पा असून तो सर्वत्र पूर्ण झालेला नाही.